कालची धास्ती

बनारसच्या आमच्या दुर्गाघाटावर पहाटे सगळे जण गंगेकडे बघत पायऱ्या उतरत. शेजारचे लेंडीकाका मात्र माकडांच्या शेपटीखाली बघत उतरत. विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवणारा, वैदिकांच्या घरातला हा गृहस्थ एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात स्पिरिटची बाटली घेऊन टोळीमागे हिंडायचा आणि तिने मागे ठेवलेला ऐवज भक्तिभावाने गोळा करायचा. लेंडी शेळीची असते, माकडाची नव्हे, हे ते सगळ्यांना समजावत. नाव काही बदललं नाही. नावाडी तर रोज विचारत, "का डाक्टर साहब, आज परसाद मिलल?"

घाबरलेल्या जिवाच्या रक्तात एक रस वाढतो आणि पुढे तो विष्ठेतून बाहेर पडतो. तो मोजला की माकडाला किती ताण आहे ते कळतं. काका मला सांगत, "माणूस काय, माकड काय, तोंडाचं काही खरं नसतं बेटा. दात दाखवले म्हणजे हसतंय असं समजू नकोस. मागून येतं ते खोटं बोलत नाही." शरीर मात्र सावकाश बोलतं. म्हणून त्यांचं दुसरं वाक्य असे, "आजच्या विष्ठेत कालची धास्ती असते."

काकूंचं सोवळं कडक. "आधी गंगेत बुडी, मग घरात पाय!" हा हुकूम थंडीतही मागे घेतला जात नसे. काका कुडकुडत म्हणत, "विज्ञानापायी मला जेवढं पुण्य लाभलं, तेवढं आमच्या वडिलांना पूजा सांगूनही लाभलं नसेल."

टोळीत कान फाटलेली एक म्हातारी माकडीण होती, कानफाटी. तिच्यावर काकांचा फार जीव. तिने त्यांचा चष्मा पळवला तरी ते म्हणत, "बिचारी परेशान आहे." ती कशाने परेशान आहे, हे शोधायचा त्यांना ध्यासच लागला होता. संशयितांची कमी नव्हती. काठी उगारणारे पुजारी, देवळातल्या घंटा, देवदिवाळीचे फटाके, सगळ्यांना काकांनी झापून झालं होतं. घंटांना कसं झापलं ते विचारू नये.

मग ऐन देवदिवाळीत भाचीच्या लग्नाला ते पुण्याला गेले. परतल्यावर चहाही न घेता घाटावर धावले आणि कानफाटीचा नमुना घेऊन आले. त्यात अर्थातच आदल्या दिवसाची, म्हणजे ते गावात नसतानाची हकिगत होती. तपासून बघितलं, तर कानफाटी इतकी निवांत कधीच नव्हती. घंटा, काठ्या, फटाके सगळं जागच्या जागी होतं. बनारसात नव्हते ते फक्त काका.

"तिला माझीच धास्ती आहे गं," ते आमच्या ओसरीवर बसून म्हणाले. त्या दिवसापासून काकांनी बाटली ठेवून दिली. घाटावर जाणंही बंद केलं. कुठे जायचं तर ते मागच्या गल्लीने वळसा घालून जात, तिला दिसू नये म्हणून. प्रेम करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण प्रेमापोटी असा वळसा घालणारा हा एकच.

निवृत्तीनंतर ते मुलाकडे पुण्याला निघाले, तेव्हा हमाल ट्रंक घेऊन पुढे गेला आणि काका घाटाकडे वळले. मी सोबत होते. "आजचा त्रास उद्या बाहेर पडेल," ते म्हणाले, "आणि उद्यापासून मी नाहीच." कानफाटी कठड्यावर शेंगा सोलत होती. तिने त्यांच्याकडे बघितलं, अंग खाजवलं आणि पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. काकांचे डोळे भरून आले. खिशातून बाटली काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "उद्याची घेऊन ठेव."

दुसऱ्या दिवशी मी ती घेतली. पण ती तपासणार कोण? काकांच्या जागी आलेले सर माशांवर काम करत होते.

आठवड्याने पुण्याहून फोन आला. "काय गं, काय निघालं?"

"अगदी निवांत होती, काका."



"हे तू तोंडाने सांगतेयस," ते म्हणाले, आणि एसटीडीचे पैसे चढत असताना कितीतरी वेळ हसत राहिले.