दुसरा हात जोडला तेव्हा

देवावर मी रुसलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. कोपराखालचा उजवा हात मळणीच्या यंत्रात गेला, त्या दिवसापासून देवळाची पायरी चढलो नव्हतो. हात गेला, पण मूठ गेली नाही. भाताची पेंढी धरली होती तशीच ती नसलेली मूठ रात्रंदिवस आवळलेली असायची. कोणाला सांगणार? लोक म्हणतील, वेड लागले.

कोरगावात आमची काजूची बाग. एका हाताने बोंडू, म्हणजे काजूचे फळ, धरायचा, दुसऱ्याने पिळून बी काढायची. बायको दोघांचे काम करत होती आणि मी नुसता बसून चिडत होतो. म्हणून स्नायूंतली बारीकशी वीज ओळखून चालणारा हात मिळतो असे इस्पितळात कळले, तेव्हा ठरवले, मिळवायचाच.

तिथली शिकवणारी मुलगी उरलेल्या हाताला दोन चकत्या चिकटवायची. पडद्यावर दोन रेषा. मूठ मिटली की तांबडी उठणार, उघडली की निळी. तांबडी माझी टणाटण उडायची. निळी मेली उठेचना! "काका, जोर नको, मूठ सोडा," ती म्हणायची. मी आणखी जोर लावायचो, हट्टच माझा तसा. दोन खेपा फुकट गेल्या. तिसऱ्या खेपेलाही निळी उठली नाही तर नुसता दिखाऊ हात बसवणार, असे तिने स्पष्ट सांगितले.

त्या खेपेच्या आदल्या दिवशी बायकोने मला ओढतच देवळात नेले. गुरवाने माझ्यासाठी गाऱ्हाणे घातले. "ह्या लेकराचो हात चालूं दी रे महाराजा!" आणि जमलेले सगळे हात जोडून, "व्हय महाराजा!" मी डावा हात छातीशी धरून गप्प उभा. शेजारच्या अनोळखी म्हातारीने माझ्या बाहीला हिसका दिला. "दोनूय हात जोड रे पुता. तुका दिसना, देवाक दिसता."

राग आला, पण एवढ्या लोकांत काय बोलणार? डोळे मिटले, नसलेला हात डाव्याला नेऊन लावला आणि तोंडातून "व्हय महाराजा" निघाले. तळव्याला तळवा लागायचा तर मूठ उघडावीच लागते. उघडली. एकेक बोट सुटलेले मला कळले. मी तिथेच ढसाढसा रडलो. डोळे पुसून वळलो तर म्हातारी नव्हती. बायको म्हणते, गर्दीत पुढे गेली असेल. असेलही.

दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "सोडा." मी मनात व्हय महाराजा म्हटले आणि निळी रेषा उठली. "काय केलेत काका?" तिने विचारले. म्हटले, "काही केले नाही बाय, हात जोडले."

यंदाच्या काजूत नवा हात लावून झाडाखाली बसलो. पहिला बोंडू चेचला, रस बाहीभर. दुसरा बेताने धरला, डाव्या हाताने पिळून बी काढली. आता बोंडू टाकायचा, तर बोटे घट्ट! धरायला मी जन्मापासून शिकलोय. सोडायला अजून देवालाच हाक मारावी लागते, आणि त्याची मला आता लाज वाटत नाही. मोठ्याने ओरडलो, "व्हय महाराजा!"

पलीकडच्या झाडाखालून बायकोने न बघताच साथ दिली, "व्हय महाराजा!"

बोंडू टोपलीत पडला.