मलमबाईंची पालकसभा

गुडघा फुटो, डोकं दुखो, नाहीतर गणिताच्या पेपराआधी पोटात गोळा येवो, शाळेतल्या नर्सचा हात आधी मलमाच्या डबीकडे जायचा. म्हणून सगळी शाळा त्यांना मलमबाई म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. शाळेत येण्याआधी बाळंतपणाच्या दवाखान्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली होती. या बाईला कशाचाच संकोच नाही, असं लोकांना वाटायचं. खुद्द त्यांनाही तसंच वाटायचं.

एका दुपारी मधली सुट्टी संपली तरी सहावीतली एक मुलगी वर्गात परतली नाही. मुलींच्या स्वच्छतागृहातल्या शेवटच्या दाराला आतून कडी होती. मैत्रिणी हाका मारून दमल्या. मलमबाई धावत पोचल्या, तर आतून रडका आवाज आला, "माझ्या बाबांना बोलवा. मी आता मरणार आहे."

मलमबाईंच्या लगेच सगळं लक्षात आलं. त्यांनी मैत्रिणींना वर्गात पिटाळलं, कोपऱ्यातली बादली पालथी घातली आणि तिच्यावर दाराबाहेर बैठक मारली.

"रक्त आलंय का गं?"

आतून हळूच, "तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, मलाही दर महिन्याला येतं. तुझ्या वर्गशिक्षिकेला येतं. मोठ्या बाईंनाही इतकी वर्षं येत होतं. आमच्यातलं कुणी मेलंय का?"

"मोठ्या बाईंना पण?" रडणं जागच्या जागी थांबलं. मुख्याध्यापिकांच्या बाबतीत असलं काही घडत असेल, हे त्या पोरीच्या कल्पनेपलीकडचं होतं. थोड्या वेळाने कडी निघाली. मलमबाईंनी तिला आपल्या खोलीत नेलं, पॅड कसं लावायचं ते दाखवलं, पोटाशी गरम पाण्याची पिशवी दिली. पोरगी बिस्किटं खात सावरून बसली.

तिचे वडील प्लंबर. कुणाच्या तरी घरचा गळका नळ तसाच टाकून आले होते. मुलीची आई ती लहान असतानाच गेली होती. सगळं ऐकून ते दारातच उभे राहिले. "सिस्टर, हिला हे सांगायला हवं, हे मला कळत होतं हो. पण सुरुवात कुठून करायची? आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो, आणि आज ती एकटी आत कुढत बसली."

त्या माणसाचा चेहरा मलमबाईंच्या डोळ्यांसमोरून हलेना. दुसऱ्या दिवशी त्या थेट मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये गेल्या. "सहावीच्या मुलामुलींना वयात येणं म्हणजे काय, ते मी शिकवते."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "आणि पालक इथे येऊन ठाण मांडतील, त्यांना काय सांगू?"

"त्यांनाच आधी बसवू या. मुलांना जे सांगणार, ते सगळं आधी पालकांना दाखवू."

मोठ्या बाईंनी मान डोलावली. घरी मात्र वेगळाच प्रसंग उभा राहिला. मलमबाईंचा धाकटा त्याच वर्गात होता. बातमी ऐकताच त्याने दुधाचा पेला खाली ठेवला. "तू? माझ्या वर्गात? तसलं शिकवणार?"

"तसलं म्हणजे कसलं रे?"

"म्हणजे तसलं! आई, मी शाळा सोडतो."

त्याचे वडील सुतार होते. ते गालातल्या गालात हसले. मलमबाईंनी डोळे वटारले. "हसताय काय? तुम्ही बोला त्याच्याशी. बाप आहात."

"मी? अगं, नर्स तू आहेस!"

हा चेंडू असाच इकडून तिकडे टोलवला जात राहिला. मुलाने तेवढ्यात पळ काढला.

शनिवारी पालकसभा भरली. मोठी माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मलमबाईंनी फळ्यावर 'मासिक पाळी' असं ठळक लिहिलं मात्र, यच्चयावत बापमंडळी छताचा पंखा निरखू लागली. आयांनी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

"तुमच्या घरी याला काय म्हणतात?" मलमबाईंनी विचारलं.

"अडचण," कुणीतरी पुटपुटलं. "ते दिवस," दुसरी म्हणाली. "प्रॉब्लेम."

मागून एक आई म्हणाली, "आमच्याकडे काहीच म्हणत नाहीत. नुसत्या भुवया उडवतात."

थोडं हसू फुटलं. पण वह्या-पेनांचं दुकान चालवणाऱ्या ताई हसल्या नाहीत. शाळेसमोरच त्यांचं दुकान होतं आणि त्यांच्या शब्दाला पालकांत वजन होतं. त्या उठून उभ्या राहिल्या. "माझी मुलगी अजून बाहुली कुशीत घेऊन झोपते. तिच्या डोक्यात आत्तापासून हे कशाला भरायचं?"

मलमबाई उत्तर देणार, तोच प्लंबरदादा उठले. इतक्या लोकांत बोलायची त्यांना सवय नव्हती. "ताई, माझीपण बाहुली घेऊनच झोपते. पण अंगात जे व्हायचं ते बाहुलीसाठी थांबत नाही. ती घाबरली, कारण मी गप्प बसलो."

दुकानवाल्या ताईंनी मोर्चा वळवला. "बरं, पटलं. पण मग मुलग्यांचं काय? सिस्टर, तुमचा मुलगा याच वर्गात आहे ना? तुम्ही बोललात त्याच्याशी?"

मलमबाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. तिसऱ्या बाकावर सुतारबुवा पंख्याकडे बघत होते. इतक्या बायांची बाळंतपणं केली, डॉक्टरांना चार गोष्टी सुनावल्या, आणि आता कानशिलं तापली होती. थाप मारता आली असती. पण मलमबाईंना ते जमेना.

"नाही बोलले," त्या म्हणाल्या. "मी म्हणते बापाने बोलावं, आणि बाप म्हणतो नर्सने बोलावं. पोरगा मधल्या मध्ये सटकतो."

सगळा वर्ग हसण्याने दणाणला. "आमच्याकडेही हेच चालतं," एक बाप ओरडला, "फक्त नर्स नाही!" त्यानंतर बांध फुटावा तसे लोक बोलायला लागले. कुणाला कुणी काय भलतंसलतं सांगितलं होतं, कोण किती घाबरलं होतं, सगळं बाहेर आलं. पंख्याकडे आता कुणीच बघत नव्हतं.

शेवटी दुकानवाल्या ताईंनीच सभा ताब्यात घेतली. "आमच्या मुलांनी पहिल्यांदा हे आमच्याच तोंडून ऐकायला हवं. तासाच्या आधी प्रत्येकाने घरी निदान एकदा बोलायचं. तासाला मी मागे बसणार. आणि कुणी नको तिथे हात लावला तर काय करायचं, ते का नाही सांगणार तुम्ही? ते तर सगळ्यात आधी हवं."

मलमबाईंनी कपाळावर हात मारला. ते त्यांच्याकडून राहूनच गेलं होतं. "ताई, पहिलं तेच घेते."

रविवारी सुतारबुवा मुलाला घेऊन मागच्या पडवीत फळी कापायला बसले. मलमबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासत होत्या.

"तुझ्याएवढा होतो," करवतीच्या आवाजातून ऐकू आलं, "नाही, थोडा मोठा. सकाळी उठलो तर चादर ओली. मला वाटलं, काहीतरी भयंकर रोग झाला. गुपचूप चादर धुतली. आईने पकडलंच. मी म्हटलं, मांजराने घाण केली."

"मग?"

"मग काय! आमच्याकडे मांजरच नव्हतं."

करवत थांबली. मग बापलेक असे खिदळले की फळी खाली पडली. मलमबाईंनी पातेलं तसंच साबणासकट ठेवलं आणि तोंडात पदर कोंबला. बाहेर सुतारबुवा सांगत होते, रोग नव्हता, दोष नव्हता, शरीर मोठं होत होतं, एवढंच. त्यांना इतकं सरळ बोलता येतं, हे मलमबाईंना लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

तास झाला तो झकास झाला. आधी आपलं अंग आपलं कसं, नको असेल तर 'नको' कसं म्हणायचं, आणि घरच्या नाहीतर शाळेतल्या कुठल्या मोठ्या माणसाला लगेच सांगायचं, ते झालं. मग पाळी, घाम, पुटकुळ्या, मिशा. मुलंमुली सुरुवातीला खुदखुदली आणि मग कान टवकारून ऐकू लागली. एकाने कुठूनसा ऐकलेला 'स्वप्नदोष' हा शब्द उच्चारला. मलमबाईंनी तो फळ्यावर लिहिला आणि त्यातला 'दोष' पुसून टाकला. "झोपेत होणाऱ्या गोष्टीत कुणाचा कसला दोष?"

बिस्किटं खाऊन सावरलेली ती मुलगी आता शेजारणीला तज्ज्ञासारखी काहीबाही समजावत होती. दुकानवाल्या ताई मागच्या बाकावरून दोनदा बोलल्या आणि दोन्ही वेळा मुद्द्याचं बोलल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या दुकानात वह्यांच्या शेजारी पॅडची पाकिटं आली, कागदात न गुंडाळता. प्लंबरदादांनी मुलींच्या स्वच्छतागृहात पाण्याची धार नीट केली आणि झाकणाची कचरापेटीही बसवून दिली.

तासाच्या दिवशी संध्याकाळी धाकटा आईबरोबरच घरी निघाला. एरवी तो ओळख नसल्यासारखा पुढे पुढे चालायचा. त्या दिवशी कोपऱ्यावर थांबला.

"आई, आवाज फुटला की गाणं सोडावं लागतं?"

मलमबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे इतके दिवस हे मनात होतं तर! "मला नाही रे माहीत. चल, गाण्याच्या सरांनाच विचारू."

"आत्ता?"

"आत्ताच. अजून शाळेतच असतील ते."

दोघं मागे वळली. सर पेटी आवरत होते. प्रश्न ऐकून त्यांनी पेटी पुन्हा उघडली, मुलाला समोर बसवलं आणि म्हणाले, "सोडायचं कशाला? सूर जरा खाली घ्यायचा, आणि घशाला थोडा आराम द्यायचा. लाव बघू." पोराने सूर लावला. तो मध्येच चिरकला. पोरगा लाजला, मग स्वतःच हसला, आणि पुन्हा लावला.