सात चादरींचं अंगण

माझ्या आत्याकडे अंगण चादरींनी मोजायचे. ऐकणारा हसतो. मीही हसायचे, आता हसत नाही.

आत्या हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल धुऊन, इस्त्री करून द्यायची. तिचं घर समुद्राच्या कड्यावर, गल्लीतलं अगदी शेवटचं. मागच्या उंबरठ्यापासून कड्याच्या काठापर्यंत मोकळी जागा होती आणि तिथे लोखंडी खांबांना दोऱ्या बांधलेल्या. वर्षाच्या पहिल्या रविवारी आत्या आणि आतोबा डबल बेडच्या चादरी उंबरठ्यापासून काठापर्यंत एकीला एक लावून जमिनीवर पसरायचे आणि मोजायचे. मग त्याच चादरी पुन्हा धुवायच्या, कारण मातीत लोळलेली चादर कुठलं हॉटेल घेणार? "सरळ टेप आणा की," मी म्हणायचे. आतोबा म्हणायचे, "चादरींशी आमचा संसार झालाय. त्या आम्हाला फसवणार नाहीत."

आत्या लग्न होऊन आली तेव्हा अंगण अकरा चादरींचं होतं. काठ ढासळत ढासळत सातवर आला. शेजारचा गवंडी घाबरला आणि बिऱ्हाड घेऊन आतल्या वस्तीत राहायला गेला. आत्याने काठावर लांब मुळांचं गवत लावलं आणि धुण्याचं सगळं पाणी रोज त्याच्यावर ओतायला सुरुवात केली. गवत असं माजलं की काठ जागचा हलेना. एक वर्ष सात, दुसऱ्या वर्षी सात, पुढेही सातच. तेव्हापासून आतोबांची मान जी ताठ झाली ती झालीच. गवंडी रस्त्यात भेटला की विचारायचे, "काय रे, तिकडे वाराबिरा येतो का?" तो बिचारा मान खाली घालून निघून जायचा.

आत्या बोलायला फटकळ, पण कामाला वाघ. पिळून पिळून तिची बोटं वाकडी झाली होती. चादर सुकलीय की नुसती गार पडलीय, हे ती गालाला लावून सांगायची. तिच्या हातचा धुतलेला कपडा जमिनीला लागलाय असं वर्षाच्या त्या एका रविवारशिवाय कधी झालं नाही. समुद्राचं मात्र तिला कौतुक नव्हतं. "खिडकीतून दिसतो तेवढा पुरे," म्हणायची. "खाली जाऊन त्याच्याशी काय गप्पा मारू?" इतकी वर्षं कड्यावर काढली, पण खालच्या वाळूत तिने पाय ठेवला असेल तो नव्या नवरीच्या दिवसांत.

एका दुपारी मी तिच्याकडे गेले होते. जेवणं झाली होती. आत्याने मागच्या खोलीत मोठं मशीन लावलं आणि आतोबा त्याच खोलीत खाटेवर आडवे झाले. मशीनची घरघर ऐकल्याशिवाय त्यांना दुपारची झोप लागत नसे. बाहेर वारा सुटला होता. चिमटे निसटले आणि एक चादर दोरीवरून उडून कड्याखाली गेली.

"जाऊ दे गं," मी म्हटलं.

"हॉटेलची आहे. तुझ्या बापाची नाही," आत्या म्हणाली आणि चपला घालून निघालीसुद्धा.

खाली जायची वाट लांबून वळसा घालून जाते. आत्याचे गुडघे दुखरे, म्हणून मी कुरकुरत मागोमाग गेले. भरती ओसरली होती. चादर खडकांत अडकली होती. आत्याने ती सोडवली, झटकली, घडी घालता घालता वर बघायला वळली आणि चादर तिच्या हातून ओल्या वाळूत पडली. ती उचलायला आत्या वाकली नाही.

मीही वर बघितलं. कडा नव्हताच. म्हणजे वर होता, हातभर जाडीचा, हिरवंगार गवत मिरवणारा. त्याच्या खाली पोकळी होती. लाटांनी तळाची माती खरवडून खरवडून आत एवढी जागा केली होती की आत्याचं अख्खं घर भांड्यांसकट तिथे मावलं असतं. छताला गवताची मुळं लोंबत होती आणि त्यांच्यामधून दोऱ्यांच्या दोन खांबांची गंजलेली टोकं हवेत बाहेर आली होती. वरून मुरलेल्या पाण्याने आतल्या भिंतीत खोल घळ पाडली होती. घळीतून अजून पाणी ठिबकत होतं आणि त्याला साबणाचा वास होता. अगदी आत, अंधारात, सिमेंटचा एक चौकोन दिसत होता. ती मागच्या खोलीची जमीन होती. आम्ही ती खालून बघत होतो.

तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली. प्रत्येक हिसक्यासरशी मुळांमधून चिमूटभर माती गळत होती.

"हे माझं मशीन आहे," आत्या म्हणाली. मग आणखी हळू म्हणाली, "आणि हे झोपलेत."

गुडघे दुखणारी बाई चढावर इतकी धावू शकते हे मला त्या दिवशी कळलं. मी मागे राहिले. घरात पोचले तेव्हा तिने पुढच्या दाराजवळचं मेन स्विच बंद केलं होतं. घरघर थांबली, तसे आतोबा जागे झाले.

"काय गं, वीज गेली?"

"अहो, उठा. रस्त्यावर चला." ती मागच्या खोलीच्या दारातच उभी होती. पाऊल आत टाकत नव्हती.

"चहा झाला का?"

"अहो, खाली काही नाहीये."

"कशाच्या खाली?"

"आपल्या."

आतोबा हसले. खाटेवर उठून बसले आणि मागचं दार उघडायला निघाले. "ये, दाखवतो तुला. पहिल्या रविवारी तूच होतीस ना? सात."

"मोजल्या सात," आत्या म्हणाली. "कशावर पसरल्या ते बघितलं नाही आपण."

त्यांचा हात कडीवर होता. तेवढ्यात त्यांचं लक्ष तिच्या रिकाम्या हातांकडे गेलं.

"चादर कुठंय?"

"टाकून आले."

आतोबांनी कडी सोडली. काही न विचारता, अनवाणी, ते खोलीतून बाहेर आले आणि आम्ही तिघं रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. आपण उगाच घाबरलो की काय, असं मला वाटायला लागलं होतं.

मोठा आवाज होईल अशी माझी कल्पना होती. धान्याचं पोतं ओतावं तेवढाच झाला. पुढचं दार उघडंच होतं. एरवी त्यातून मागच्या खोलीची भिंत दिसायची, भिंतीवर टांगलेले आतोबांचे शर्ट दिसायचे. आता दारातून समुद्र दिसत होता. मशीन नव्हतं, खाट नव्हती.

"पाणी मीच घालत होते," आत्या म्हणाली. "रोज."

आतोबांनी तिचा वाकड्या बोटांचा हात धरला.

आता दोघं माझ्याकडे असतात. समुद्र इथून लांब आहे आणि माझं घर तिसऱ्या मजल्यावर. मी कपडे मशीनला लावते. कपडे पिळायची वेळ झाली की मशीन थोडं हादरतं, तशी आत्या हातातलं काम खाली ठेवते आणि उठते. मी आधी समजावायचे, चिडायचेही. आता मी जिन्याचं दार उघडून ठेवते. आतोबा मोजमापाचं काही बोलत नाहीत. ते तिच्या मागोमाग जिन्यात जाऊन उभे राहतात आणि मशीन थांबेपर्यंत दोघं पायाखालच्या फरशीकडे बघत असतात.