बेटावरच्या आठ ओळी

वैनगंगेच्या मधोमध आमचं बेट आहे. आता ‘आमचं’ म्हणायची सोय राहिली नाही. तिथे वारसास्थळ झालंय, रेलिंग आहे, फरशी आहे, फोटो काढायला लाकडी चौकट आहे. पण माझा जन्म तिथलाच. पडक्या देवळाच्या आसपास आम्हा ढिवरांच्या दहा-बारा झोपड्या होत्या. पावसाळ्यात मासे धरायचे, आणि नदी उतरली की रेतीत टरबुजांची वाडी करायची. घागरीने वेलांना पाणी घालण्यात आईचं अर्धं आयुष्य गेलं. एका मोठ्या पुरानंतर आम्हाला काठावर आणून बसवलं आणि बेट सुटलं.

मी शिकलो, मास्तर झालो. शहाणाही झालो, तेवढं नसतो झालो तर बरं होतं. नोकरी नागभीडला. तिथे कुणी गाव विचारलं की मी ‘मार्कंड्याजवळ’ म्हणायचो. देवस्थानाचं नाव घेतलं की लोक पुढे खोदून विचारत नाहीत.

बेटाचं सुशोभीकरण झालं तेव्हा त्या कामावरच्या सरकारी साहेबांनी फलकाचा मजकूर माझ्याकडे मागितला. “आठ ओळींत बसवा, गुरुजी.” माझी कॉलर ताठ झाली. जुनी पुस्तकं चाळून मी देऊळ लिहिलं, शिखर लिहिलं, मूर्ती लिहिल्या. दाराजवळच्या खांबावर खोल चरे आहेत. पूर चढला की बाप, आजोबा, सगळे त्याच खांबाला डोंगे बांधायचे, त्या दोरांचे ते चरे. मी लिहिलं, ‘काळाच्या ओघात खांबाची झीज झाली आहे.’ हे वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं.

उद्घाटनानंतर आईला घेऊन गेलो. तिला वाचता येत नाही. फलकासमोर ती पदर सावरून उभी राहिली.

“वाच ना, बाबू. आपलं कुठी हाय?”

मी वाचू लागलो. आठवी ओळ संपली तरी ती कान देऊन उभीच. मग मी नववी वाचली. ‘येथे ढिवर समाजाची वस्ती होती. येथील स्त्रिया रेतीत टरबुजे पिकवीत.’ अगदी छापील भाषेत, न अडखळता. आईने फलकाच्या तळाशी बोट ठेवलं. “इथी काय?” मी हो म्हणालो. ती इतकी खूश झाली की मला तिच्याकडे बघवेना.

पुढच्या आठवड्यात ती शेजारच्या बायांना घेऊन मिरवत बेटावर गेली. तिथे शाळेची सहल आली होती. आईने एका मुलीला फलक मोठ्याने वाचायला सांगितला. मुलीने वाचला. आईने तिला पुन्हा वाचायला लावला. हे मला शेजारणीने रस्त्यातच गाठून सांगितलं.

घरी गेलो तर आई ओसरीवर बसलेली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“आमची लाज वाटत होती काय गा तुले?”

वाटत होती. कितीतरी वर्षं वाटत होती. पण मी म्हणालो, “पाटीवर जागा कमी होती, आई.”

तिने ते खरं मानलं.

“मंग बारीक अक्षरात लिवाचं होतं, बाबू,” ती म्हणाली.