ज्याचा दम कमी, तो म्होरं

भुईमुगाचा वेल उपटावा तसं आहे आमचं. एक किस्सा ओढला की मातीसकट दहा वर येतात. चार म्हातारे रोज एकाच रस्त्यानं सायकलीवर गेले की रोज काही ना काही घडतंच. त्या दिवशी ते सांगण्यासारखं वाटत नाही. काही वर्षं गेली की मग त्याला चव येते.

आम्ही अहमदपूरचे. मी धान्याच्या मोंढ्यात हमाली केली. किसनची थोडी शेती. गफूरभाईचं सायकलीचं दुकान आणि मल्लप्पाचं किराणा. गावाबाहेर चढावर एक चहाचं हॉटेल आहे. दिवस उगवला की तिथवर जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. पूर्वी काम होतं म्हणून सायकल होती. आता काम नाही म्हणून सायकल आहे.

नियम गफूरभाईचे. एकामागं एक चालायचं, दोघांनी शेजारी-शेजारी गप्पा मारत जायचं नाही. पुढच्याला खड्डा दिसला की त्यानं डावा हात खाली करून दाखवायचा, मागच्यानं त्याच्या मागच्याला दाखवायचा. सगळ्यात मागं गफूरभाई. गाडीचा आवाज आला की ते ओरडणार, "गाडी", की सगळे डावीकडं. आणि ज्याचा दम कमी, तो म्होरं. म्हणजे कुणी मागं सुटत नाही. मल्लप्पा गल्ल्यावर बसून बसून अंगानं भारी झालेला, म्हणून चढाला तो कायम म्होरं.

यंदा मल्लप्पाचे दोन्ही कान गेले. रस्ता आता मोठा झालाय, कडेची लिंबाची झाडं गेली, ट्रक घोंघावत जातात. त्याचा मुलगा शिवा म्हणाला, "अप्पा, आता सायकल बंद." मल्लप्पाची बायको वारली, दुकान मुलानं सांभाळलं. मल्लप्पा मला म्हणाला, "तात्या, सकाळचं एवढं बी सुटलं तर दिवसभर मी कुणाकडं बघू?"

तेव्हापासून हे सगळं आठवून राहिलंय.

*

थांबायचं असलं तर आधी हात वर, मग रस्त्याच्या खाली, मग थांबा. हा नियम आमच्याकडं उशिरा आला.

एकदा समोरून किसनचे व्याही पायी येत होते. व्याही दिसल्यावर माणूस थांबणारच. किसननं दोन्ही ब्रेक दाबले आणि हात जोडले. मी त्याच्या मागं, मी त्याच्यावर. गफूरभाई माझ्यावर. तीन सायकली आणि तीन म्हातारे, सगळे थेट व्याह्यांच्या पायाशी.

व्याही दोन पावलं मागं सरकले. म्हणाले, "उठा पावणं, उठा. एवढं पाया पडायला मी काय महाराज हाय का?"

मल्लप्पा पुढं होता, त्याला यातलं काहीच कळलं नाही. तो हॉटेलवर चार चहा सांगून बसला आणि चहा थंड झाला म्हणून आमच्यावरच चिडला.

*

गुडघ्यात ताकद होती तेव्हा मुक्काम करत करत आम्ही सायकलीवर माहूरला गेलो. वर जाताना घाटात सायकली ढकलाव्या लागल्या. गफूरभाई पायऱ्यांच्या खाली सायकली राखत बसले. मल्लप्पानं देवीचा तांबूल त्यांच्यासाठी पानात बांधून आणला, तो त्यांनी तिथंच तोंडात टाकला.

उतरताना आम्ही सीटवर बसणार, तेवढ्यात गफूरभाई आडवे झाले. "कुणी बसायचं नाही. उतारावर एक पडला की चौघं पडतात. हातात धरून चला."

किसन तापला. "चढताना ढकलली, उतरताना बी ढकलायची, मग सायकल आणली कशाला?"

गफूरभाई म्हणाले, "सोबतीला."

खालपर्यंत सायकली हातात धरूनच आलो. चाकांचा तो टिकटिक आवाज अजून माझ्या कानात आहे.

*

लातूरला किसनच्या पुतण्याचं लग्न होतं. फेटे बांधून आम्ही वरातीत पुढं. किसन सगळ्यांच्या म्होरं, मान ताठ.

रस्त्यात एक खड्डा आला. किसननं सवयीनं डावा हात खाली केला आणि खड्ड्याकडं हलवला. मागं मी, मीही केला. गफूरभाईंनी केला. त्यांच्या मागं किसनचे भावकीतले लोक होते. त्यांना वाटलं काहीतरी मानाचं असेल, म्हणून त्यांनीही हात खाली करून हलवले. बघता बघता सगळी वरात हात हलवत खड्ड्याला वळसा घालून निघाली. बँडवाल्यांना एका हातानं वाजवावं लागलं.

मुलीकडचे एक पाव्हणे जवळ येऊन हळूच विचारतात, "ही तुमच्याकडची रीत हाय का?"

मल्लप्पा म्हणाला, "हाव. आमच्याकडं खड्ड्याला आधी मान."

*

मल्लप्पाची सायकल सुटू नये म्हणून आम्ही करायचं ते केलं. आधी शिवानं लातूरहून कानातलं मशीन आणलं. घरात ते बरं चालायचं. सायकलीवर बसला की त्यात वारं शिरायचं. दोन दिवसांनी मल्लप्पानं ते काढून खिशात ठेवलं. "वारा तेवढा ऐकायला येतो. तो तर अंगाला बी लागतोच की."

मग गफूरभाईंनी त्याच्या हँडलला आरसा बसवला. मागची गाडी दिसावी म्हणून. पण सगळा जन्म दुकानात गेलेला माणूस. गिऱ्हाइकाचा हात कुठं जातो यावरच त्याची नजर. रस्ता सोडून तो आरशातच बघायला लागला.

चढावर एकदम ओरडला, "किसना, खिशातनं काय काढून खाऊन राहिला रं?"

किसन गूळ-शेंगदाणे खात होता. रोज खायचा म्हणे. आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. तो घास गिळायच्या आत मल्लप्पा बाभळीत गेला. माणसाला खरचटलं, आरसा फुटला.

संध्याकाळी शिवा आमच्याकडं आला. पोरगा वाईट नाही, त्याला भीती वाटत होती. म्हणाला, "काका, उद्या मी मोटारसायकलवर तुमच्या मागं येतो. हॉर्न वाजवतो. तुम्ही अप्पांना सांगायचं न्हाई, हात लावायचा न्हाई. त्यांना कळलं तर ठीक. न्हाई कळलं तर सायकल माळ्यावर."

त्याचं काय चुकलं? गफूरभाईसुद्धा हो म्हणाले.

*

सकाळी निघालो. मल्लप्पा म्होरं, त्याच्या मागं किसन, मग मी, मग गफूरभाई. सगळ्यांच्या मागं शिवा. चढ लागला आणि शिवानं हॉर्न दिला. आम्ही तिघं सवयीनं डावीकडं झालो. बघतो तर मल्लप्पाही डावीकडं.

मला वाटलं, योगायोग असेल. थोडं पुढं गेल्यावर शिवानं पुन्हा हॉर्न दिला. मल्लप्पा डावीकडं. मग मागून खरोखरचा ट्रक आला. मल्लप्पा डावीकडं सरकला, वर हात हलवून ट्रकला वाटही दिली.

हॉटेलवर शिवानं बापाच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडला, "अप्पा, ऐकायला येतंय का तुम्हाला?"

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. मल्लप्पा म्हणाला, "आं? चहा सांग की."

गफूरभाईंनी हातवारे करून विचारलं, मग हॉर्न कसा कळला? मल्लप्पा उठला, आम्हाला रस्त्यावर घेऊन आला आणि खाली बोट दाखवलं. आमच्या सावल्या लांबच लांब पडल्या होत्या.

"येताना दिवस पाठीमागं ऱ्हातो. तुमच्या सावल्या माझ्या चाकाच्या म्होरं चालतात. त्या डावीकडं सरकल्या की मी सरकतो."

"आन परत जाताना?" किसननं ओरडून विचारलं.

"तवा उतार असतो, दम लागत न्हाई. मी तात्याच्या मागं ऱ्हातो. त्याची पाठ दिसती."

शिवा बराच वेळ त्या सावल्यांकडं बघत राहिला. मग दुकान उघडायला निघून गेला. माळ्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

पुढं एका सकाळी आम्ही मल्लप्पाला बोलवायला गेलो. आभाळ गच्च भरून आलं होतं. शिवानं स्वतः सायकल बाहेर काढली, फडक्यानं सीट पुसली, हवा दाबून बघितली. बापाला दंडाला धरून ओट्यावरून खाली आणलं आणि कानाशी ओरडला, "चला अप्पा, काका लोक थांबलेत."

मल्लप्पानं हँडल धरलं. मान वर करून आभाळाकडं बघितलं. मग सायकल परत स्टँडवर लावली.

"आज न्हाई येत," तो म्हणाला. "आज मला ऐकायला येत न्हाई."