लेकीची खिंड

तुरीच्या टरफलांचा वास आला, की जळगावच्या डाळमिलमागच्या मैदानात मी केलेला गाढवपणा आठवतो. धुळ्याविरुद्ध लेकीचा अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, शेवटचा डाव, आणि आम्ही जेमतेम पुढे. चेंडू घेऊन धुळ्याची पोरगी डावीकडे धावली, तरी आमची लेक उजवीकडे खांबासारखी उभीच! तिला खेळ शिकवणारे सर मूळचे धुळ्याचे. माझा संशय पक्का झाला, पोरीला फितवलंय. "अगं, पळ तिच्यामागं!" मी बोंबललो. लेक पळाली. धुळ्याची पोरगी गर्रकन वळली आणि लेकीनं सोडलेल्या जागेतून थेट आमच्या शेवटच्या रेषेपार. सामना गेला. "पप्पा, ती खिंड मला राखायची होती," लेक रडत म्हणाली. रिक्षात बायको म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा पोरीनं तुमचं ऐकलं, अन् बघा!"