पार्किंगमधला चार्जिंग पॉइंट

शोरूमवाल्याने रविवारपर्यंत मुदत दिली होती. तोवर होकार कळवला, तर बाबांची डिझेल गाडी बदल्यात घेऊन तो इलेक्ट्रिक गाडी देणार. नाही तर ती दुसऱ्याला जाणार. बाबा आठवड्यातून तीनदा उरणजवळच्या करंजा बंदरावर लिलावात मासळी घेतात आणि पनवेलच्या हॉटेलांना पुरवतात. सहा महिने मी त्यांचं डोकं खाल्लं होतं. कळंबोलीत ट्रकांच्या धुराविरुद्ध पत्रकं वाटायची आणि आपल्याच घरची गाडी काळा धूर ओकणारी, याची मला लाज वाटायची.

शेवटी बाबा म्हणाले, "घेऊ. पन चार्ज कुटं करायची, ते तू बग. मासली हाय, रस्त्यात थांबता येत नाय."

त्यासाठी सोसायटीची परवानगी हवी होती. रविवारी सकाळी पार्किंगमध्येच मीटिंग भरली. मी ठासून मांडलं: मीटर वेगळा, जागा आमची, खर्च आमचा. सेक्रेटरी काकांनी शांतपणे फाइल उघडली आणि एक पिवळा कागद वर धरला.

"वाचू का, ताई? 'माणसं जाळणारं चार्जिंग पार्किंगमधून हद्दपार करा!' भाषा जोरदार आहे हं तुमची."

लोक हसले. पत्रक माझंच होतं. गेल्या वर्षी एका भाडेकरूने जिन्यातल्या सॉकेटमधून लांबलचक एक्स्टेन्शन ओढून स्कूटर चार्जिंगला लावली. वायर वितळली, धूर झाला. कुणाला काही झालं नाही. दोष हलक्या वायरीचा होता आणि हे मला तेव्हाच माहीत होतं. इलेक्ट्रिशियनने वितळलेला तुकडा माझ्या हातात दिला होता. पण पत्रकं वाटता वाटता मी शिकले होते ते असं: पत्रकात शत्रू एक, मागणी एक. 'चांगली वायर वापरा' म्हटल्यावर कोण पेटून उठतं? मी सरळ चार्जिंगलाच गुन्हेगार ठरवलं, दारोदार सह्या घेतल्या, बंदीचा ठराव करून घेतला. तो आता कुणी उकरून काढणार नाही, असं मी धरून चालले होते.

"मला म्हणाली होतीस, 'काकू, नातवंडांचा विचार करा,'" बी विंगच्या काकू म्हणाल्या. "केला. आजही तोच करतेय."

'तुम्हाला बदल नकोच आहे' हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. बाबा माझ्याकडेच बघत होते.

मी उभी राहिले. "ते पत्रक खोटं होतं. दोष वायरीचा होता. मला माहीत असून मी लिहिलं नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. "मग तसं लिहून वाट," काका म्हणाले. "ठराव बदलायला पुन्हा सह्या लागतील. पुढच्या महिन्यात बघू."

खुर्च्या उचलल्या गेल्या. बाबांनी तिथूनच शोरूमला फोन लावला. "गाडी देऊन टाका दुसऱ्याला." मग माझ्याकडे वळले. "मना पन, तुज्या बापाला, निम्मंच सांगितलंस का गं?"

"बाबा, गाडी चांगलीच आहे..."

"गाडीचं नाय इचारलं."

मी एक खुर्ची परत ओढली आणि सांगायला लागले. बर्फ-मासळीचे क्रेट भरल्यावर गाडी एका चार्जमध्ये कंपनी म्हणते तेवढी जाणार नाही. उरणच्या रस्त्यावरचा चार्जर मी स्वतः बघायला गेले, तेव्हा बंद होता. ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

बाबा समोर बसले. "हां. आनखी?"